धाव न घेता जिंकलेली आठ सुवर्णपदकं : रे यूरी

नमस्कार मंडळी! समोर मध्यम उंचीचा एक माणूस उभा आहे. तुम्ही त्याच्या डोक्यावरून पलीकडे उडी मारायची. पण पळत यायचं नाही. एक पाऊलही टाकायचं नाही. उभे आहात तिथूनच.

१६ जुलै १९००, पॅरिस ऑलिंपिक. अमेरिकेचा रे यूरी जागेवरून १.६५५ मीटर उंच उडाला. आजचे खेळाडू पाठीवर उलटे होऊन दांडी ओलांडतात ना, ती पद्धत डिक फॉस्बरीनं १९६८ साली गाजवली. यूरीच्या काळी ती नव्हतीच.

तेव्हा अशा तीन स्पर्धा असायच्या: जागेवरून उंच उडी, लांब उडी आणि तिहेरी उडी. यूरीनं तिन्ही जिंकल्या, त्याही एकाच दिवशी! आणि तिन्हींत दुसरा कोण? अर्विंग बॅक्स्टर. मला या बॅक्स्टरचं फार वाईट वाटतं. आदल्याच दिवशी गड्यानं धावत घेतलेली उंच उडी आणि पोल व्हॉल्ट, दोन्ही जिंकले होते. दुसऱ्या दिवशी मात्र तीन रौप्यपदकं. उंच उडीत तर तो तब्बल १३ सेंटिमीटर मागे!

यूरीचा जन्म १८७३ चा, इंडियानातल्या लाफायेत गावचा. आईवडील लवकर गेले, लहानपणी पोलिओ झाला, पाय बळकट व्हावेत म्हणून व्यायाम करता करता तो उड्या मारायला लागला, असं त्याच्याबद्दल सांगतात. बहुतेक लोक ही गोष्ट इथेच संपवतात. पण पोलिओतून बरा होणं वेगळं आणि तीन ऑलिंपिकं कुणालाही जवळ फिरकू न देणं वेगळं. त्यानं पर्ड्यू विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं होतं आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअर म्हणूनच नोकरी केली. उड्या हा त्याचा छंद!

१९०४, सेंट लुईस: पुन्हा तिन्ही सुवर्ण. लांब उडी ३.४७ मीटर, जागेवरून! त्यानंतर तिहेरी उडी ऑलिंपिकमधून काढून टाकली. १९०८ ला लंडनमध्ये, चौतिशीत, उरलेल्या दोन्ही जिंकल्या. तीन अधिक तीन अधिक दोन, आठ. १९०६ मध्ये अथेन्सलाही दोन मिळाली होती, पण ती स्पर्धा आज अधिकृत ऑलिंपिक धरत नाहीत. ती दोन धरली, तर दहा. वैयक्तिक सुवर्णपदकांचा हा विक्रम मोडायला जलतरणपटू मायकेल फेल्प्स यावा लागला. आठचा आकडा त्यानं २००८ साली ओलांडला.

मग यूरीचं नाव कुणाला माहीत का नाही? कारण त्याचा खेळच राहिला नाही. १९१२ च्या स्टॉकहोमनंतर जागेवरच्या उड्या ऑलिंपिकमधून गेल्या. तिथे लांब उडी जिंकली ग्रीसच्या कोन्स्तान्तिनोस त्सिक्लितिरासनं. हाच १९०८ ला यूरीच्या मागे दोन्हींत रौप्यवर राहिला होता. यूरी मैदानातून गेला, तेव्हा कुठे त्याला सुवर्ण मिळालं.

ही लांब उडी पूर्ण मेली मात्र नाही. अमेरिकन फुटबॉलचे संघ नवे खेळाडू पारखताना ती अजूनही मोजतात. २०१५ साली तिथे बायरन जोन्स ३.७३ मीटर उडाला. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनंतर, आजच्या सगळ्या प्रशिक्षणानिशी, यूरीच्या पुढे २६ सेंटिमीटर.