बेळगावच्या नाल्यात इसवण

(पहाट. बेळगाव, कॅम्पातला मासळी बाजार. बर्फ फोडल्याचा आवाज.)

बेळगावहून समुद्र गाठायचा तर अख्खा घाट उतरावा लागतो. बाजारात मात्र तो रोज पहाटे स्वतःच येतो. चोर्ला घाट चढून रात्रीच गाडी लागलेली असते. बांगडे, तारल्या, मोरी, आणि दर ऐकून माणूस दोन पावलं मागं सरेल अशी इसवण.

मावशी खवले काढतात, पोट साफ करतात, वर तांब्याभर पाणी ओततात.

"मावशी, हे पाणी कुठं जातंय?"

"कुठं जाणार बाबा? गटारीत की!"

हे पाणी ध्यानात ठेवा. त्याच्याकडे परत यायचं आहे.

(खुला समुद्र. जहाजाचा कठडा.)

खोल समुद्रात कोणकोणते मासे आहेत, हे बघायला आजवर बहुतेकदा जाळं टाकावं लागे. बारका मासा भोकातून निसटतो, चपळ मासा चाहूल लागताच पसार होतो. पण प्रत्येक मासा पोहताना अंगावरचा बुळबुळीत थर, खवल्यांचे कण, विष्ठा मागं सोडत जातो. त्यात त्याच्या पेशी असतात आणि पेशींत डीएनए. पाण्यात असा सुटा सापडणारा डीएनए म्हणजे पर्यावरणीय डीएनए, थोडक्यात ई-डीएनए.

दोन्ही तोंडं उघडी असलेल्या लांबट बाटल्या तारेवरून खाली सोडतात. ठरलेल्या खोलीवर वरून इशारा मिळाला, की झाकणं मिटतात. वर आलेलं पाणी गाळायचं. गाळणीची छिद्रं बहुधा ०.४५ मायक्रॉनची, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक. पाणी फेकून देतात, जपतात ती गाळणी.

प्रयोगशाळेत त्यातला माशांच्या एकाच जनुकाचा तुकडा, जेमतेम १७० अक्षरांचा, लाखोपट वाढवून वाचतात आणि ओळखीच्या माशांच्या नोंदींशी ताडून बघतात. या कामाला आज सर्रास वापरली जाणारी 'मायफिश' पद्धत जपानच्या मासाकी मिया आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली मांडली. तिची परीक्षा त्यांनी ओकिनावाच्या मत्स्यालयात घेतली. टाक्यांत कोणते मासे आहेत हे आधीच माहीत, त्यामुळे उत्तर तपासता येणार! १८० जातींपैकी १६८ नुसत्या पाण्यावरून ओळखल्या गेल्या.

खुल्या समुद्रात मासे विरळ, म्हणून पाणी जास्त गाळावं लागतं. हा डीएनए काही दिवसांतच विरतो, त्यामुळे कळते ती ताजी खबर. मासा केवढा होता, नर होता की मादी, पिल्लू होतं की म्हातारा, यातलं काहीच कळत नाही. कुप्याच्या, म्हणजे ट्यूनाच्या, एकमेकींच्या जवळच्या जाती तर एवढ्याशा तुकड्यावरून धड वेगळ्याही करता येत नाहीत. आणि ज्या माशाची नोंदच कुणी केलेली नाही, तो पाण्यात असून निनावीच राहतो.

(बळ्ळारी नाला. काठावर भाताची शेतं.)

आता मावशींचं पाणी. शहरातलं बरंचसं सांडपाणी या नाल्याला मिळतं. इथं बाटली भरून तपासली, तर इसवण सापडूही शकेल. म्हणून नाल्यात इसवण पोहते, असं कुणी म्हणेल का? समुद्रात मात्र अशी फसगत सहज होते. जहाजावर दुपारी बांगड्याची आमटी शिजली, भांड्यांचं पाणी बाहेर गेलं, की नमुन्यात बांगडा हजर. म्हणून हातमोजे, ब्लीचनं धुतलेली भांडी, आणि सोबत एक कोरी बाटली. तिच्यात शुद्ध पाणी घालून तेच सगळे सोपस्कार करायचे. तिच्यातही मासा निघाला, तर तो आपल्याच हातून आलेला. मला या सगळ्या खटाटोपात ही कोरी बाटलीच सगळ्यात मोलाची वाटते.

नाला मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. अरबी समुद्रातून आलेल्या इसवणीचं पाणी असं बंगालच्या उपसागराकडे निघतं. तिचा डीएनए तिथवर टिकायचा नाही.

(बाजार. मावशी पुढचा मासा फळीवर घेतात.)

"काय रे, पाणीच बघतोस की काही घेणार पण?"