लेखकांची खोली

(दृश्य: लॉस एंजेलिस. स्टुडिओच्या फाटकाबाहेर फलक घेऊन फेऱ्या मारणारी माणसं.)

2 मे 2023. अमेरिकेतल्या सुमारे साडेअकरा हजार चित्रपट आणि टीव्ही लेखकांनी काम थांबवलं. पहिला फटका बसला रात्री उशिरा लागणाऱ्या गप्पांच्या कार्यक्रमांना. तिथले विनोद त्या दिवसाच्या बातम्यांवर त्याच दिवशी लिहायचे असतात, त्यामुळे लिहिणारे उठून गेल्याबरोबर जुने भाग लावायची वेळ आली. मालिकांवर परिणाम दिसायला वेळ लागला, कारण काही संहिता आधीच लिहून तयार होत्या. संप चालला 148 दिवस.

या संपाच्या बातम्यांत पैसा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या दोन गोष्टी खूप गाजल्या. तिसऱ्या मागणीबद्दल मात्र कमी बोललं गेलं. एका मालिकेवर किमान किती लेखक असावेत आणि त्यांना किमान किती आठवडे काम मिळावं, अशी ती मागणी होती. ऐकायला रुक्ष वाटते, पण पडद्यावर जे चांगलं किंवा वाईट लिखाण आपल्यापर्यंत पोहोचतं, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

(दृश्य: मोठं टेबल, भिंतीवर कार्डं लावलेला फळा.)

अमेरिकेत मालिका सहसा एकटा माणूस लिहीत नाही. सात-आठ, कधी दहा-बारा लेखक एका खोलीत बसतात. तिला रायटर्स रूम म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला शोरनर. आधी सगळ्या हंगामाची गोष्ट, मग एकेका भागाची, अशी फळ्यावर कार्डं लावत ती उभी राहते. कुणी प्रसंग सुचवतं. दुसरं कुणी विचारतं, ही बाई असं का वागेल? उत्तर सापडलं नाही तर कार्ड काढून टाकायचं. गोष्ट पक्की झाली की भाग वाटले जातात, ज्याचा त्याने लिहून आणायचा, आणि त्यावर पुन्हा सगळ्यांनी बसायचं.

हंगाम बावीस भागांचा असायचा, तेव्हा हे काम वर्षातले बरेच महिने चाले. एकीकडे लिखाण, दुसरीकडे चित्रीकरण. ज्याचा भाग, तो लेखक सेटवर हजर. नटाच्या तोंडी वाक्य बसत नाही, ठरलेली जागा ऐनवेळी मिळत नाही, तीन पानांचा प्रसंग एका पानात आणायचाय. हे सगळं नवा लेखक तिथे उभं राहून शिकत असे. त्यासाठी वेगळी शाळा नव्हती.

(दृश्य: 1990च्या दशकातला टीव्ही सेट, संग्रहातली छायाचित्रं.)

व्हिन्स गिलिगन यांचंच पाहा. ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेत ते लेखक म्हणून आले आणि तिथेच निर्माते झाले. 1998 मध्ये त्यांनी लिहिलेल्या एका भागात ब्रायन क्रॅन्स्टन पाहुणे कलाकार होते. भूमिका अशा माणसाची, ज्याचा राग यावा आणि तरी कीव वाटावी. पुढे ‘ब्रेकिंग बॅड’ या स्वतःच्या मालिकेसाठी गिलिगननी त्यांचं नाव सुचवलं, तेव्हा वाहिनीचे अधिकारी बिचकले, कारण क्रॅन्स्टन तोवर विनोदी मालिकेतले बाबा म्हणून ओळखले जात. गिलिगननी त्यांना तो जुना भाग दाखवला. आपण लिहिलेलं वाक्य हा नट कसं पेलतो, हे ठाऊक असलेला लेखक असा आग्रह धरू शकतो.

(दृश्य: नोव्हेंबर 2007 मधली निदर्शनं.)

त्याच ‘ब्रेकिंग बॅड’चा पहिला हंगाम आला 2008 मध्ये आणि सातच भागांवर थांबला. ठरले होते नऊ. कारण लेखकांचाच आधीचा एक संप, 5 नोव्हेंबर 2007 ते 12 फेब्रुवारी 2008. ‘हिरोज’ या गाजलेल्या मालिकेचा दुसरा हंगाम चोवीस भागांचा व्हायचा होता, तो अकरावर गुंडाळावा लागला. रिकाम्या वेळेत संहितेशिवाय चालणारे रिॲलिटी शो आले.

त्या वेळी डीव्हीडीमागे लेखकाला जेमतेम चार सेंट मिळत. ते दुप्पट करा ही मागणी लेखकांनी शेवटच्या क्षणी सोडून दिली. इंटरनेटवर दाखवलेल्या कामाच्या मोबदल्याचा हक्क मात्र सोडला नाही. कंपन्या म्हणत होत्या, हे माध्यम नवं आहे, आधी अभ्यास करू. नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून घरबसल्या चित्रपट दाखवायला सुरुवात केली ती 2007 मध्येच. तेव्हा तो पैसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता, आणि तरीही हे लोक त्यासाठी शंभर दिवस बिनपगारी राहिले. मला त्यांच्या या दूरदृष्टीचं फार मोल वाटतं.

इंटरनेट हातचं गेलं नाही. पण कामाची पद्धतच बदलेल, हे कुणी ओळखलं नव्हतं.

स्ट्रीमिंगवर हंगाम आठ-दहा भागांचा झाला. मालिका करायची की नाही हे ठरण्याआधीच तीन-चार लेखकांना काही आठवड्यांसाठी बोलवायचं, गोष्ट काढून घ्यायची, मग सगळ्यांना घरी पाठवायचं. याला नाव पडलं मिनी रूम. चित्रीकरण सुरू होतं अनेक महिन्यांनी. तेव्हा शोरनर एकटा सगळं निभावतो, आणि ज्याने भाग लिहिला तो दुसरं काम शोधत असतो. लेखकांच्या संघटनेने संपाआधी आकडे मांडले होते. त्याआधी दहा वर्षांपूर्वी मालिकांच्या लेखकांपैकी एक तृतीयांश किमान दरावर काम करत, संपाच्या वेळी निम्मे करत होते. महागाई धरली तर वरच्या फळीतल्या लेखकांचं आठवड्याचं मानधनही 23 टक्क्यांनी घटलं होतं.

सेट न पाहिलेला लेखक उद्या मालिका कशी चालवणार? मला या संपातला हा सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. मालिकांचा शेवट विस्कटतो, मधले भाग नुसते रेंगाळतात, अशी तक्रार आपण सगळेच करतो. त्या तक्रारीचा काही भाग लेखकाच्या वकुबावर टाकता येईल. बराचसा त्याच्या आठवड्यांच्या हिशेबावर टाकायला हवा.

(दृश्य: सप्टेंबर 2023, मिठ्या मारणारे लेखक.)

27 सप्टेंबरला संप मागे घेतला गेला. नव्या करारात आलं की सहा भागांपर्यंतच्या मालिकेला किमान तीन लेखक, सात ते बारा भागांना पाच, त्याहून जास्त असतील तर सहा. दोन लेखकांना चित्रीकरणाच्या काळातही कामावर ठेवायचं. एकाच लेखकाने सगळे भाग लिहिले तर ही अट लागू नाही, आणि ती सूट योग्यच आहे. यंत्राने तयार केलेला मजकूर लेखकाचं लिखाण म्हणून धरला जाणार नाही, हेही ठरलं. मात्र पुढच्या, म्हणजे 2023-24 च्या हंगामात टीव्ही लेखकांची कामं 42 टक्क्यांनी कमी झाली. खोलीत माणसं किती हे ठरलं. खोल्याच कमी झाल्या.

(दृश्य: मुंबई, गोरेगाव. चित्रनगरीचं प्रवेशद्वार.)

14 जून 2023 रोजी अनेक देशांतल्या लेखकांनी या संपाला पाठिंबा जाहीर केला. त्यात मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशनही होती. आपल्याकडे मराठी-हिंदी डेली सोपमध्ये कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. दर आठवड्याला टीआरपी येतो आणि तो पाहून ट्रॅक बदलतो. कित्येकदा त्या दिवशीचा सीन त्याच दिवशी सेटवर पोहोचतो. मालिकेत पाणी घातलं म्हणून प्रेक्षक लेखकाला नावं ठेवतात, आणि तो लेखक सेटपासून दूर, घरी बसून उद्याचा भाग लिहीत असतो. इथे सगळ्या निर्मात्यांना बांधून घेणारा किमान करार लेखकांच्या हाती अजून नाही. तो होईल तेव्हा मानधनाच्या आकड्याइतक्याच आग्रहाने दोन अटी त्यात याव्यात, असं मला मनापासून वाटतं: संवादलेखकाला चित्रीकरणाआधी किमान काही दिवस मिळावेत, आणि आपला भाग चित्रित होताना त्याला पगारावर सेटवर थांबता यावं.