पुण्याच्या नावाचं कासव

(दृश्य: बंडगार्डनच्या खालच्या अंगाला मुळा-मुठा. हिवाळ्यातली सकाळ. पात्रभर जलपर्णी. मागे पुलावरच्या वाहनांचा आवाज.)

जलपर्णीच्या दोन पुंजक्यांमधल्या मोकळ्या पाण्यात एक काडी उभी आहे. नीट बघा. काडी थोडी वर येते आणि तिच्या टोकाला दोन नाकपुड्या दिसतात. एक श्वास. पाण्यावर हलकं वलय उमटतं आणि काडी खाली जाते.

हे गोड्या पाण्यातलं कासव आहे. मध्य पुण्यातलं. काठावर प्लास्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, फुटकी मडकी, आणि वरच्या रस्त्यावर ऑफिसला निघालेली माणसं. या पाण्यात कासव असेल, असं त्यांच्यातल्या कुणाच्या मनातही येणार नाही.

असं अवचित दर्शन झालं की आपल्याला बरं वाटतं. फोटो निघतो, ग्रुपवर जातो, आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘म्हणजे नदी अजून जिवंत आहे.’ ही भावना खरी आहे, तिची किंमत आहे. पण कासव दिसलं म्हणून नदी बरी आहे, असा अर्थ लावण्याआधी त्या दोन नाकपुड्यांकडे पुन्हा एकदा बघायला हवं.

पाण्यातला प्राणवायू संपला की मासे मरतात. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं, म्हणून अधूनमधून पुण्याच्या नद्यांत मेलेल्या माशांचा खच दिसतो. कासव मात्र फुप्फुसाने श्वास घेतं. नाक वर काढायला बोटभर मोकळी जागा मिळाली की त्याचं भागतं. त्यातून हे कासव मेलेले मासे, गोगलगायी, बेडूक, पाणवनस्पती, असं मिळेल ते खातं. त्यामुळे जिथे मासा टिकत नाही तिथेही ते वर्षानुवर्षं तग धरतं. या पाण्यात कासव दिसणं हा कासवाच्या चिवटपणाचा पुरावा आहे. त्यावरून पाणी स्वच्छ ठरत नाही.

(दृश्य: कासव जवळून. काठावरच्या खडकावर ऊन खात बसलेलं.)

आता ते बाहेर आलंय. पाठ गोलसर, मऊ कातडीने मढवलेली. धोका वाटला की मान आत, पुढचे पाय आत, आणि मागचे पाय आत घेतल्यावर पोटाखालच्या कातडीच्या दोन झडपा त्यांच्यावर मिटतात. डबीचं झाकण लागावं तशा. शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. विहिरीत, भातखाचरात, पाझर तलावात, कालव्यात, शहराच्या नाल्यातही हे आढळतं. त्याचे पाय बघा. प्रत्येक पायाला तीन नख्या, म्हणजे चार पायांना बारा.

ही मोजणी मुद्दाम करतोय. ‘वीस नखी कासव’ घरात ठेवलं की पैशांचा पाऊस पडतो, या भोंदूगिरीपायी महाराष्ट्रात कासवांची चोरटी विक्री होते, लोक पकडले जातात आणि कासवं मरतात. मऊ पाठीच्या कासवाला बारा नख्या असतात. आपल्याकडच्या कठीण पाठीच्या कासवांना साधारणपणे पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे अठरा. वीस नख्यांच्या शोधात निघालेला माणूस हाताला लागेल ते प्रत्येक कासव पोत्यात भरतो. झडपांचं हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाला कायद्याने जे संरक्षण दिलंय, तेच यालाही आहे.

पुणे परिसराचा दुसरा रहिवासी म्हणजे काळं कासव. कठीण कवच, गडद रंग, पाठीवर लांबीला तीन उंच धारा. हे लाजाळू आहे. पहिल्या पावसात रस्ता ओलांडताना किंवा एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ते सापडतं, आणि वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे गोळा होतात.

तिसऱ्या कासवाबद्दल सांगायचं, तर दीडशे वर्षं मागे जावं लागेल.

(दृश्य: जुना नकाशा. मुळा आणि मुठेचा संगम.)

१८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी मऊ पाठीच्या एका मोठ्या कासवाचं वर्णन प्रसिद्ध केलं. मुंबई इलाख्यात काम केलेल्या डॉ. लीथ यांच्या नावावरून त्याला नाव दिलं. आज शास्त्रात ते निल्सोनिया लीथी म्हणून ओळखलं जातं. प्रत्येक नव्या जातीची नोंद करताना पहिला नमुना कुठला, ते लिहावं लागतं. या जातीपुढे लिहिलंय, पूना.

म्हणजे जगाच्या शास्त्रात या प्राण्याचा पत्ता आपलं शहर आहे. पुण्याच्या किती शाळांत हे सांगितलं जातं? पेठांतल्या वाड्यांचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असतो, आणि तो असायलाच हवा. पण इथल्या पाण्यातून निघालेला हा प्राणी आपल्याला नावानेही माहीत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं.

लीथचं कासव भारताच्या द्वीपकल्पाबाहेर कुठेही नाही. पाठ दोन फुटांपर्यंत वाढते. पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखी गोल नक्षी असते आणि वय वाढेल तशी ती पुसट होत जाते. या कासवाचं मांस खाल्लं जातं. कवचाच्या कडेचा मऊ, चिवट भाग चोरून परदेशी जातो. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामात वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीची सायटिस परिषद भरली. या जातीला परिशिष्ट एकमध्ये टाकावं, म्हणजे तिचा व्यापार पूर्ण थांबावा, असा प्रस्ताव भारताने मांडला आणि तो मंजूर झाला. तेव्हा केंद्र सरकारने दिलेला अंदाज असा, की तीस वर्षांत या कासवांची संख्या नव्वद टक्क्यांनी घटली. जागतिक लाल यादीत ते ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. त्याच्या पुढची पायरी नामशेष होण्याची.

(दृश्य: कोकणचा किनारा. वाळूतून समुद्राकडे निघालेली पिल्लं.)

कासव म्हटलं की पुणेकराच्या डोळ्यांसमोर वेळास येतं. मंडणगड तालुक्यातलं हे गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे सागरी कासवांची अंडी राखायचं काम हाती घेतलं. गावकऱ्यांनी ते आपलं मानलं. आज मार्च महिना आला की पुण्याहून गाड्या भरून लोक तिकडे जातात, पहाटे उठतात आणि ऑलिव्ह रिडलेची पिल्लं लाटेत शिरताना श्वास रोखून बघतात. मुलं तर ते दृश्य जन्मभर विसरत नाहीत.

त्याच पश्चिम किनाऱ्यावर, केरळच्या कासारगोड जिल्ह्यात चंद्रगिरी नदी समुद्राला मिळते. या नदीत गोड्या पाण्यातलं एक अजस्र कासव राहतं, कॅंटरचं मऊ पाठीचं कासव. तेही अतिसंकटग्रस्त. वाळूउपसा, धरणं आणि मासेमारीची जाळी यांनी वेढलेल्या या नदीत ते अजून अंडी घालतंय, याची शास्त्रीय नोंद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यासाठी अभ्यासक काठावरच्या लोकांशी बोलले. कुठे दिसतं, कधी दिसतं, जाळ्यात कधी अडकतं, हे विचारत गेले. पुराच्या पाण्याखाली गेलेल्या घरट्यांतली अंडी वाचवली गेली आणि त्यातून निघालेली पिल्लं नदीत सोडली गेली. शास्त्राला जे अनपेक्षित होतं, ते नदीवर पोट असलेल्या माणसांना माहीत होतं.

वेळासची वाळू आणि चंद्रगिरीचा काठ, दोन्हीकडे राखली गेली ती अंडी घालायची जागा. कासव पाण्यात जगतं, पण जन्मतं मातीत. समुद्रातलं असो, नदीतलं असो, मादीला पाण्याबाहेर यावंच लागतं. तिला उतार हवा, पायाने उकरता येईल अशी माती किंवा वाळू हवी, आणि ती पुराच्या रेषेच्या वर हवी. अंड्याचं कवच श्वास घेतं, म्हणून माती पोकळ हवी. घट्ट दाबलेल्या भरावात अंडी टिकत नाहीत. आणि ती तिथे दिवसांत नव्हे, महिन्यांत उबतात. तोवर कुत्रा, मुंगूस, घोरपड यांपैकी कुणी ती उकरली नाहीत, तर पिल्लं बाहेर येतात. काठावर कचरा वाढला की भटकी कुत्री वाढतात, आणि अंड्यांचा हिशेब आणखी तोट्यात जातो.

(दृश्य: खडकवासल्याचे उघडे दरवाजे. पाण्याखाली गेलेला भिडे पूल.)

पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. पुणेकरांना याची सवय आहे. नदीला पसरट, उताराचा काठ असेल, तर वाढलेलं पाणी हळूहळू वर चढतं आणि मादीने वर घातलेली अंडी वाचण्याची शक्यता राहते. दोन्ही बाजूंना भिंत किंवा भराव आला की पाण्याला पसरायला जागा नाही आणि मादीला चढायला.

मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या मिळून ४४ किलोमीटर काठाच्या विकासाचा प्रकल्प पुणे महापालिकेने आखला. मार्च २०२२ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. चालायला वाटा, बसायला जागा, नदीजवळ जायला पायऱ्या. शहराला नदीजवळ जावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि सांडपाणी शुद्ध करण्याची नवी केंद्रं तर कधीच व्हायला हवी होती. पण राम नदी मुळेला मिळते तिथल्या जुन्या झाडांसाठी आणि काठाच्या झाडोऱ्यासाठी पुणेकर रस्त्यावर उतरले, तेही नदीवरच्या प्रेमापोटीच. या फिल्मचा प्रश्न नेमका आहे: या ४४ किलोमीटरांत किती मीटर काठ मातीचा राहणार? तो सलग असणार की तुकड्यातुकड्यांत? कुठल्याही आराखड्यात हा आकडा वेगळा लिहिलेला असावा आणि तो कामाआधी लोकांसमोर यावा.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. एप्रिल-मे हा नदीनाल्यांतला गाळ काढण्याचा हंगाम. पावसाळापूर्व कामं. पोकलेन पात्रात उतरतो, बादली गाळात बुडते, ट्रक भरतो. पाणी आटलं की झडपांचं कासव नेमकं याच दिवसांत चिखलात स्वतःला पुरून घेतं आणि पावसाची वाट बघत महिनोन्‌महिने निश्चल पडून राहतं. वरून काही म्हणजे काही दिसत नाही. पोकलेनचा चालक निर्दयी नसतो, त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. काम सुरू करण्याआधी पट्टा पायी फिरून बघणारा एक जाणकार नेमला आणि निघालेला गाळ ट्रकमध्ये भरण्याआधी काठावर पसरून पाहिला, तर कित्येक जीव वाचतील. याला मोठा खर्च नाही.

(दृश्य: मत्स्यालयांचं दुकान. काचेच्या पेटीत हिरवी, छोटी कासवं.)

डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं हे कासव अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. दुकानात ते रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं. काही वर्षांत ताटाएवढं होतं, घरात मावत नाही, आणि मग कुणीतरी पुण्य समजून तळ्यात सोडून येतं. तिथे ते आपल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतं. सोडणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ते सोडू नका.

उलटी चूकही होते. जमिनीवर राहणारं चांदणी कासव कुणाला सापडतं आणि कासव म्हणजे पाणी, असं धरून ते विहिरीत टाकलं जातं. त्याला पोहता येत नाही. ते बुडून मरतं.

मोठं कासव दिसलं म्हणजे सगळं ठीक, असं का म्हणता येत नाही, त्याचं कारण त्याच्या आयुष्यात आहे. कासव सावकाश वयात येतं आणि कित्येक दशकं जगतं. काठ आज सिमेंटचा झाला, तरी आज पाण्यात असलेली मोठी कासवं उद्याही दिसतील, दहा वर्षांनीही दिसतील. फोटो येत राहतील, ग्रुपवर आनंद होत राहील. नवीन जन्म मात्र थांबलेले असतील. ज्या दिवशी शेवटचं म्हातारं कासव दिसेनासं होईल, त्या दिवसापर्यंत कुणाला काही बिघडल्याचं कळणारही नाही.

म्हणून नोंद करताना फक्त ‘कासव दिसलं’ एवढं पुरत नाही. फोटोत पाठ आणि डोकं दोन्ही यावं. शेजारी चप्पल, पाण्याची बाटली, काहीही असलं तर आकार कळतो. तारीख आणि जागा लिहा, पण नेमकी जागा जाहीर टाकू नका, चोरटे तीही वाचतात. नोंद एखाद्या अभ्यासकाकडे किंवा नागरिकांच्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जाऊ द्या. रस्त्यावर असेल तर ते ज्या दिशेला निघालंय, त्याच दिशेला पलीकडे ठेवा. जखमी असेल किंवा कुणी विकताना दिसलं, तर वनविभागाचा क्रमांक १९२६.

आणि एखाद्या सकाळी नदीकाठी तळहातापेक्षा लहान कासव दिसलं, तर आधी त्याच्या डोळ्यामागे लाल पट्टा आहे का ते बघा. नसेल, तर ते बहुधा इथलंच पिल्लू आहे. ती नोंद आम्हाला सगळ्यात आधी हवी आहे, कारण त्या जागेच्या आसपास कुठेतरी मातीचा काठ शिल्लक आहे, आणि तिथलं काम सुरू होण्याआधी तो नकाशावर यायला हवा.