जुळ्यांचे दोन केसपेपर

(पालकांसाठीच्या मेळाव्यात एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिलाय ‘जुळ्यांना शी-शूची सवय कशी लावावी’. डायपर सोडवायचा कसा, हे सविस्तर सांगा असंही बजावलंय. तिथे मी येतेच. पण जुळ्यांचे इतके आईबाबा आणि आजी-आजोबा एका ठिकाणी पुन्हा कधी भेटतील कोण जाणे, म्हणून माझ्या जिव्हाळ्याचं आधी बोलून घेते.

माझ्याकडे जुळी आली की मी दोन केसपेपर काढते. आई म्हणते, “मॅडम, दोघांना सर्दीच तर आहे, एकावरच लिहा ना.” मी लिहीत नाही. वजन वेगळं, म्हणून डोस वेगळा. हे सगळ्यांना लगेच पटतं. पण शी-शूचा विषय निघाला की तेच आईबाबा दोघांचे डायपर एकाच सोमवारी काढायला निघतात! तेव्हा दोन केसपेपर कुठे जातात? आपल्याकडची पुष्कळ जुळी भिन्नबीजी असतात. म्हणजे त्यांच्यात साम्य असतं ते चार वर्षांच्या अंतराने झालेल्या भावंडांइतकंच, फक्त वाढदिवस एक. एकबीजी जुळ्यांमध्येसुद्धा जन्मताना एक दोन किलोचं आणि दुसरं दीड किलोचं असू शकतं. शिवाय जुळी बहुधा वेळेआधी येतात. तारखेच्या दोन महिने आधी जन्मलेलं मूल दोन वर्षांचं झालं तरी तयारीच्या हिशेबात ते बावीस महिन्यांचंच धरावं.

अमेरिकेतल्या डॉ. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली आपल्याकडे येणाऱ्या ११७० मुलांची माहिती छापली. मुलाची तयारी दिसेपर्यंत थांबायचं, हा त्यांचा मार्ग. त्यांच्याकडची मुलं दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी २८ महिन्यांच्या आसपास, आणि मुली मुलांपेक्षा दोन-अडीच महिने आधी. आता घरात एक मुलगी आणि एक मुलगा असं जुळं असेल, तर दोघांची गाठ एकाच दिवसाशी बांधायची कशाला?

आजींचा विषय राहायला नको. पाय लांब करून जमिनीवर बसायचं, बाळाला दोन्ही पायांवर उकिडवं धरायचं आणि “शूऽ शूऽ” करायचं, हे इथल्या किती आजींनी केलंय? बघा, निम्मे हात वर. ते शास्त्राला धरूनच आहे. पोटात दूध गेलं की आतडं हलतं आणि उकिडवं बसलं की वाट सरळ होते. फक्त एक लक्षात घ्या, त्या वयात वेळ ओळखते ती आजी. बाळाला ते कळायला अजून अवकाश असतो. आणि जुळ्यांच्या घरात आजीचे पाय दोनच, त्यामुळे एकाला धरलं की दुसऱ्याचं भागलेलं असतं! (हशा)

आता एक केस सांगते. ओळख पटेल असं काही सांगणार नाही. मुलगी थोरली, मुलगा सात मिनिटांनी धाकटा. दोन वर्षांची झाली तशी मुलगी स्वतःहून “शी” म्हणायला लागली, चड्डी खाली ओढायला लागली. मुलाला ओल्या डायपरचं काही वाटत नव्हतं. त्यात एका प्लेग्रुपने फॉर्मवर अट घातलेली, ‘मूल डायपरमुक्त असावं’. जूनला दोन महिने उरलेले. दोघांचेही डायपर एकाच दिवशी बंद झाले. मुलगी बसायची, घरभर टाळ्या वाजायच्या आणि लगेच मुलाला ऐकवलं जायचं, “बघ ताई कशी शहाणी!” मुलाने चार दिवस शी केलीच नाही. पाचव्या दिवशी खडा झाला, रक्ताचा थेंब दिसला. मग शेजारच्यांच्या सांगण्यावरून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून लावला. पोर किंचाळलं.

त्यानंतर तो गॅलरीतल्या पडद्यामागे जाऊन उभा राहायचा. आईने मला मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. चवड्यांवर उभा, पायाला पाय घट्ट चिकटलेले, मूठ पडद्यात, चेहरा लालबुंद. आई म्हणाली, “किती कुंथतो बघा, पण होत नाही.” मी म्हटलं, तो कुंथत नाहीये, आवळतोय. बाहेर काढायला नाही, आत अडवायला जोर लावतोय. हा फरक डोळ्यांत भरून घ्या, कारण दिसायला दोन्ही सारखंच दिसतं आणि उपाय मात्र अगदी उलटा.

पुढचं ऐका. काही आठवड्यांनी त्याची चड्डी दिवसातून कितीदा तरी पातळ शीने भरायला लागली. घरच्यांना वाटलं जुलाब. मग पेज, केळं सुरू आणि भाजी बंद. पोट तपासलं तर डाव्या बाजूला खाली हाताला गोळा लागत होता. आत कडक शी साठलेली आणि तिच्या कडेने पातळ तेवढी झिरपत होती. त्यावर ते पोर ‘आळशी’ ठरलं होतं. ताई शहाणी, हा आळशी. अडीच वर्षांच्या मुलाला घरात मिळालेलं हे विशेषण पुसायला मला औषधापेक्षा जास्त वेळ लागला.

आम्ही आधी साठलेलं मोकळं केलं, मग वजनाच्या हिशेबाने शी मऊ ठेवणारं औषध कित्येक महिने दिलं. आणि त्याला डायपर परत दिला. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं आपण हरलो. आई हरली नव्हती, पोराची भीती जायला हवी होती. तिसरा वाढदिवस जवळ आल्यावर तो ताईच्या शेजारी आपला पॉट ओढून आपणहून बसला.

त्या फॉर्मवरच्या अटीचा मला मनापासून राग येतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला कुठे घातलंच पाहिजे असं कुठलाही कायदा सांगत नाही. मूल सांभाळायची फी घ्यायची तर त्याची चड्डी बदलायला माणूसही ठेवावा. इथे कुणी प्लेग्रुप चालवणारे असतील तर कार्यक्रम संपल्यावर माझ्याशी जरूर भांडा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषय पळत पळत.

सुरुवात ज्याची त्याची तयारी बघून. दोन तास डायपर कोरडा राहतोय, शी होताना मूल कोपरा गाठतंय किंवा सांगतंय, साधं काम सांगितलं तर करतंय, चड्डी खाली ओढता येतेय. एक तयार असेल तर एकालाच सुरू करा. दुसऱ्याला बघू द्या, पण “बघ” म्हणू नका. न बोलता बघितलेलं मुलं जास्त उचलतात. पॉट मात्र दोन घ्या, कारण एकाला लागली की दुसऱ्यालाही तेव्हाच लागते. कमोडवर बसवणार असाल तर पायाखाली पाट किंवा स्टूल हवंच. लोंबत्या पायांनी शी होत नाही.

जेवणानंतर पाच मिनिटं बसवा, नाही झाली तर उठवा. इलास्टिकची चड्डी, नाडी नको. मुलींना पुढून मागे पुसायला शिकवा, लघवीचा जंतुसंसर्ग टळतो. झाली तर “झाली का, छान” एवढं पुरे. त्या टाळ्या दुसऱ्यालाही ऐकू जातात. सांडलं तर पुसा, भाषण नको. जुळ्यांत ज्याचं सांडतं त्याला आई जास्त वेळ मिळते, हे दोघांनाही पटकन कळतं. म्हणून कोरडं राहणाऱ्यालाही जवळ घ्या. अडून बसलं तर दोन-तीन महिने विषय बंद.

दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. बाटलीभर दूध पिऊन पोट भरलं की पोळी-भाजी जात नाही आणि खडा होतो. पपई, भिजवलेल्या मनुका, पाणी. शीबरोबर रक्त दिसलं, पोट फुगलं किंवा चड्डीत पातळ झिरपायला लागलं तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे या.

रात्रीचं अगदी वेगळं. रात्री लघवी कमी तयार होणं आणि मूत्राशय भरल्यावर जाग येणं, हे शिकवून येत नाही, वाढीबरोबर येतं. पाच वर्षांपर्यंत गादी ओली झाली तर तो आजार नाही. एक कोरडा आणि एक ओला असेल तर ओल्याच्या गादीखाली रबरी कापड घाला, सकाळी चर्चा करू नका.

आणि जोवर दोघांचे डायपर चालू आहेत तोवर ते कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळे द्या. पुण्यातल्या कचरावेचक ताईंनी ही मागणी केली होती, २०१६ च्या घनकचरा नियमांतही ते नीट गुंडाळून द्यायला सांगितलं होतं. जुळ्यांच्या घरातून दुप्पट डायपर जातात आणि ते हाताने वेगळे करणारीलाही घरी पोरं असतात.

प्रश्न घेऊया. ज्यांच्या कडेवर मूल आहे त्यांचे आधी.