चपला मोजा, मग योजना लिहा

(दृश्य: पुणे, पर्वती पायथा, जनता वसाहत. अरुंद बोळ, पत्र्याची खोली, दाराशी चपला.)

अभ्यासिकेच्या हजेरीपटावर नावं ३०. दाराशी चपलांचे जोड २०.

अशी अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेची तीन वर्षांची योजना करायला आलेल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांनी आधी हा फरक टिपायचा. पण ते येतात नेमके सुट्टीत. उन्हाळी इंटर्नशिप साधारण मे ते जुलै, शाळा उघडतात जूनच्या मध्याला. मुलं यायला लागतात तेव्हा यांची अहवालाची घाई सुरू झालेली असते. म्हणून जूनअखेरच्या निदान चार संध्याकाळी इथे बसण्यासाठी राखून ठेवाव्यात.

पहिले दोन आठवडे लॅपटॉप मिटलेला बरा. ट्रस्ट डीड (संस्थेचे उद्देश लिहिलेला स्थापनेचा दस्त), तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, देणगीदारांची पत्रं आणि हजेरीपट एवढं मागून घ्यायचं. ट्रस्ट डीड कुणी वाचत नाही, मग संस्थेच्या उद्देशांत न बसणारा गृहउद्योग योजनेत येऊन बसतो.

(दृश्य: वही, कॅल्क्युलेटर.)

आता नमुन्यादाखल एक हिशेब. शिकवणाऱ्या दोन ताईंचं मानधन १६,०००, भाडं ५,०००, खाऊ आणि वह्या ३,०००. महिन्याला २४,०००. पटावरच्या ३० मुलांवर वाटले तर एका मुलामागे ८००, रोज येणाऱ्या २० वर वाटले तर १,२००. देणगीदाराला सांगायचा आकडा दुसरा, कितीही टोचला तरी. शिवाय देणगी फक्त मानधन आणि साहित्यासाठी. भाड्याचे वर्षाला ६०,००० कुठून येतात? ठेव मोडून. ऑडिट रिपोर्टात ठेवींचा आकडा दरवर्षी उतरत गेलेला दिसतो, तो यामुळे.

'सीएसआर आणू', म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा आणू, हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतंच. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात, हे खरं. पण तो पैसा घ्यायला संस्थेची सरकारकडे सीएसआर-१ नोंदणी लागते आणि पैसा बहुधा एखाद्या प्रकल्पाला बांधलेला येतो. भाडं पुन्हा लटकतंच.

विश्वस्तांसमोर ताई बोलत नाहीत. ताईंची बैठक आधी आणि वेगळी घ्यावी, चहासकट. स्वॉटचे (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) चार चौकोन अर्ध्या तासात 'निधीची कमतरता' वगैरेंनी भरून जातात, हाती काही लागत नाही. त्यापेक्षा चिठ्ठ्या वाटून एकच विचारावं: कोणतं काम उद्या बंद पडलं तर कुणाचं अडेल? ज्या कामाला कुणाचंच नाव येत नाही, त्याची चर्चा विश्वस्तांपुढे न्यायची. नवीन काय करायचं ते सगळेच सुचवतात. बंद काय करायचं ते सुचवायला बाहेरचं माणूस सोयीचं.

शेवटी साठ स्लाइड्स नकोत. मराठीत दोन पानं, प्रत्येक कामापुढे नाव आणि महिना, आणि विश्वस्तांच्या इतिवृत्तात ठराव. जुलैत एमबीएचे विद्यार्थी कॉलेजात परततात, नंतर ही पानं उघडणारं कुणी हवं.

(दृश्य: योजनेचं दुसरं पान, जवळून.)

सातवी ओळ: 'जागेच्या भाड्यासाठी देणगीदार शोधणे.' महिना, ऑक्टोबर. नावाचा रकाना कोरा आहे. तो भरेपर्यंत बैठक उठवायची नाही.