धुळ्यातले रुमाल

३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे धुळ्यात निधन झाले आणि पुढच्याच वर्षी या शहरात त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढणारा हा माणूस जुन्या घरांतल्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करीत राहिला. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली. ती श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत.

जुन्या दप्तरात कागद रुमालात, म्हणजे चौकोनी कापडात, बांधलेले असतात. गाठ सोडली की पहिली अडचण मोडीची. लेखक आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता लिहीत जातो. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसल्याने कोठे तोडायचे ते वाचणाऱ्यानेच ठरवायचे. दुसरी अडचण तारखेची, आणि खरी गंमत तिच्यातच आहे. ‘छ’ या अक्षराने चंद्राची, म्हणजे हिजरी महिन्याची, तारीख कळते. वर्ष मात्र सुहूर सन या जुन्या कालगणनेचे, तेही अरबी अंकशब्दांत. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७५. हे वर्ष जूनच्या आरंभी, मृगाच्या सुमारास बदलते; म्हणून इसवी सन काढायला डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि त्यानंतर ६०० मिळवावे लागतात. एवढे झाल्यावर कागद १७७४-७५ सालचा ठरतो.

लढायांची पत्रे सगळेच शोधतात. माझ्या मते खानदेश समजून घ्यायचा तर वसुलाचे आणि देण्याघेण्याचे हिशेब आधी वाचावेत, कारण राज्य कोणाचेही असले तरी भार कोणावर पडला, हे तेथेच उघडे पडते. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख याच जातीचा आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाचा हा शके ११२८ चा लेख संस्कृतात वंशावळ आणि स्तुती सांगत जातो आणि शेवटी एकाएकी मराठीत उतरतो: तेथे ग्रहगोल नाहीत, तर तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे मठाला पळीभर तेल द्यावे, असा व्यवहार कोरलेला आहे.