त्यांनी कोणाला नेमलं?

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'सर आशुतोष मुखर्जी आणि पदव्युत्तर शिक्षणाची उभारणी' असा छापला आहे. त्या उभारणीवर मी येणारच आहे. पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या, कारण तो मला फार प्रिय आहे. हिंदीत व्हाइस चॅन्सेलरला कुलपति म्हणत आले आणि चॅन्सेलरला कुलाधिपति. आपल्याकडे चॅन्सेलर हे कुलपती आणि व्हाइस चॅन्सेलर हे कुलगुरू. त्यामुळे लखनौच्या कुलपतींनी परीक्षा पुढे ढकलल्या असं हिंदी पेपरात वाचलं, की मराठी माणूस क्षणभर विचारात पडतो, राज्यपाल परीक्षांच्या वेळापत्रकात कधीपासून लक्ष घालायला लागले? (हशा) अलीकडे मध्य प्रदेशाने आणि राजस्थानाने कुलगुरू हाच शब्द घेतला. मला त्याचा मनापासून आनंद झाला. 'पती' हा मालकीचा शब्द आहे. 'गुरू' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, यांच्या हाताखालून कोण बाहेर पडलं?

हाच प्रश्न घेऊन मी तीस वर्षं फिरतो आहे. कुलगुरूंचा गौरव करायची वेळ आली की आपण इमारती मोजतो. किती चौरस फूट बांधकाम झालं, कुठे कोनशिला बसली, किती सामंजस्य करारांवर सह्या झाल्या. त्या गौरवग्रंथात एक पान मी नेहमी शोधतो आणि ते सहसा सापडत नाही. या गृहस्थांनी आपल्या कारकिर्दीत कोणाकोणाला नेमलं, त्या नावांचं पान. माझ्या दृष्टीने बाकीचा ग्रंथ त्या पानाची पुरवणी असतो. आणि हे पान आपल्या देशात सर्वांत भरगच्च कोणाचं असेल, तर ते आशुतोष मुखर्जींचं.

त्यांची कारकीर्द आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. जन्म १८६४. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू १९०६ ते १९१४ असे सलग चार वेळा, आणि पुन्हा १९२१ ते १९२३. दोन दोन वर्षांच्या पाच मुदती, म्हणजे दहा वर्षं. आणि या दहाही वर्षांत ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. कुलगुरुपद तेव्हा बिनपगारी असायचं. दिवसभर कोर्टात निकाल द्यायचे आणि कोर्ट सुटलं की विद्यापीठाच्या फायली. मूळचे ते गणितज्ञ. ऐन विशीत त्यांचे गणितावरचे निबंध छापून येत होते. १८८६ साली त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. हे प्रेमचंद रायचंद आपल्या मुंबईचे. कापसाच्या तेजीतले बडे व्यापारी. राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशातून उभा राहिला, तेच. त्यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते. मुंबईच्या बाजारातल्या पैशावर कलकत्त्याचा एक मुलगा गणित शिकला, हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो आणि पुढेही सांगणार.

आता रामन यांची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगतो.

चंद्रशेखर व्यंकट रामन १९०७ साली सरकारी अर्थखात्यात अधिकारी म्हणून कलकत्त्यात आले. मधला थोडा काळ रंगूनला आणि नागपूरला गेला, नागपूरकरांनी हे लक्षात ठेवावं. बाकी सगळी वर्षं दिवसा हिशेबाचं ऑफिस आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजार रस्त्यावरची महेंद्रलाल सरकारांची विज्ञानसंस्था. तिथे हा माणूस तारांचे आणि वाद्यांचे कंप मोजत बसायचा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी पैसे देत नव्हतं. त्याच सुमारास तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी विज्ञान महाविद्यालयासाठी विद्यापीठाला लाखो रुपये दिले. त्यातल्या अध्यासनांवर, म्हणजे देणगीतून चालणाऱ्या प्राध्यापकपदांवर, भारतीयच बसले पाहिजेत अशी अट घातली. आशुतोषांनी भौतिकशास्त्राच्या पालित अध्यासनासाठी या हिशेबनिसाला विचारलं. अध्यासनाच्या नियमात परदेशी शिक्षणाची अट होती. रामन म्हणाले, मी त्यासाठी परदेशी जाणार नाही.

आता इथे थांबा आणि आपल्या ओळखीचे कुलगुरू डोळ्यांपुढे आणा. नियम आहे, उमेदवार नाही म्हणतो आहे. फाईल बंद करायला याहून सोपं कारण कुठलं? आशुतोषांनी अट बाजूला केली आणि माणूस घेतला. रामन यांनीही सरकारी पगारावर पाणी सोडलं आणि जवळजवळ निम्म्या पगारावर जुलै १९१७ मध्ये ते विद्यापीठात आले. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते.

दुसरी गोष्ट मला याहूनही आवडते. पहिलं महायुद्ध चालू होतं. घोष अध्यासनावर नेमलेले देवेंद्रमोहन बोस जर्मनीत अडकून पडले होते. इकडे एमएस्सीचे वर्ग तर चालवायचे होते. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोन तरुण आशुतोषांना भेटले आणि नवं भौतिकशास्त्र शिकवलं जावं म्हणून गळ घातली. १९१५ च्या एमएस्सीत बोस पहिले आणि साहा दुसरे, पण तेही गणितात! आशुतोषांनी विचारलं, तुम्ही काय शिकवणार? हे म्हणाले, जमेल ते सगळं शिकवू. कुलगुरुपदाची मुदत तेव्हा संपली होती, तरी विद्यापीठात शब्द आशुतोषांचाच चालत होता. त्यांनी त्या दोघांना कामाला लावलं. पुस्तकं नव्हती. जी होती ती जर्मन भाषेत, आणि ती ब्रूल नावाच्या एका प्राध्यापकांच्या घरच्या कपाटात. मग ती मागून आणायची, जर्मन शिकायचं, रात्री वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं. १९२० साली याच दोघांनी आइनस्टाइन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरच्या निबंधांचं इंग्रजी भाषांतर विद्यापीठातर्फे छापलं. आज जगभर कणांच्या एका प्रकाराला 'बोसॉन' म्हणतात, तो शब्द यातल्या एकाच्या नावावरून आला आणि ताऱ्यांचं तापमान ओळखायचं समीकरण दुसऱ्याच्या नावाने चालतं.

आता थोडं माझ्याबद्दल. या विषयावर मी इतका का तळमळतो, ते त्याशिवाय कळणार नाही.

मी सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. सभागृहात बऱ्याच माना हलताहेत, म्हणजे खुलासा नको. सातव्या वर्षी एका ठिकाणी कायम जागेची जाहिरात आली. ते ठिकाण कुठलं हे मी सांगणार नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. माझे छापून आलेले निबंध, प्रमाणपत्रं, विद्यार्थ्यांच्या कामाचे कागद मी एका फाईलमध्ये लावले आणि आईने त्या फाईलची नाडी बांधून दिली. तिची गाठ वेगळी असायची, दुहेरी. सकाळी दहाला बोलावलं होतं. कॉरिडॉरमधल्या बाकावर आम्ही अकरा जण. चार वाजता माझं नाव पुकारलं. आत पाच माणसं. त्यांनी विचारलं, सध्या कुठे असता? घरी कोण कोण असतं? इकडे यायला जमेल का? मी जमेल म्हटलं. या आता, म्हणाले. पाच मिनिटंही झाली नसतील. बाहेर येऊन मी फाईल पाहिली, तर आईची दुहेरी गाठ जशीच्या तशी.

मला पुढे दुसरीकडे नोकरी मिळाली, चांगली मिळाली, तक्रार नाही. पण त्या बाकावर माझ्या शेजारी एक मित्र होता. आमच्यात सगळ्यात हुशार. गणित असं समजावायचा, की फळा पुसायचं जिवावर यायचं. त्याच्या फाईलचीही गाठ सुटली नाही. तो विमा कंपनीत गेला आणि तिथेच निवृत्त झाला. रामन हिशेबाच्या ऑफिसातून विद्यापीठात आले, माझा मित्र उलट्या वाटेने गेला. रामन, साहा, बोस यांची नावं घेताना मला दर वेळी तो आठवतो. कारण न नेमलेल्यांची यादी कोणत्याच ग्रंथात छापत नाहीत.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी येते.) दहा मिनिटं राहिली म्हणतात. तर छापलेला विषय.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याला आपल्याकडे सगळ्यांचा विरोध होता. गोखल्यांनी कायदेमंडळात तो कडाडून केला आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्या कायद्याने सरकारची पकड वाढली. पण त्याच कायद्यात विद्यापीठांनी स्वतः शिकवावं, प्राध्यापक नेमावेत अशी तरतूद होती. तोपर्यंत कलकत्ता, मुंबई, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं प्रामुख्याने परीक्षा घ्यायची. आशुतोषांनी ती तरतूद उचलली आणि नको असलेल्या कायद्यातून हवं ते विद्यापीठ काढलं. परीक्षा-फीचा पैसा त्यांनी पदव्युत्तर वर्गांकडे वळवला. १९१७ पासून कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचं पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाने स्वतःच्या हाती घेतलं. तुलनेसाठी एवढंच, की मुंबईत समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्याकडे आला तो १९१९ साली.

त्यांनी माणसं प्रांत बघून घेतली नाहीत. म्हैसूरहून राधाकृष्णन १९२१ साली आले. आणि आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर, सर रामकृष्णपंतांचे चिरंजीव, पुराणवस्तू खात्यातून १९१७ साली प्राचीन भारतीय इतिहासाच्या कारमायकेल अध्यासनावर गेले ते १९३६ पर्यंत तिथेच राहिले. देशी भाषांमध्ये एमए करायची सोय आशुतोषांनी १९१९ साली केली. देशी भाषांसाठी मुंबई विद्यापीठात न्यायमूर्ती रानडे शेवटपर्यंत झगडले होते, हे आपण जाणताच.

टीकाही झाली. विद्यापीठ कर्जात गेलं, पसारा पेलवेना. १९२२ साली सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण अटींसकट. सीनेटमध्ये आशुतोषांनी ते नाकारलं. 'स्वातंत्र्य आधी, स्वातंत्र्य नंतर, स्वातंत्र्य नेहमी' हे त्यांचे उद्गार त्याच भाषणातले. त्याच भाषणात ते असंही म्हणाले, की आमचे प्राध्यापक उपाशी राहतील पण स्वातंत्र्य सोडणार नाहीत. इथे मी अडतो. त्यांच्यावर माझं एवढं प्रेम असूनही अडतो. सात वर्षं तासिकांच्या बिलाची वाट पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याच्या वतीने उपाशी राहण्याचं वचन सहज पचत नाही. एवढंच म्हणेन, की ज्यांच्या वतीने ते बोलले त्यांतल्या कितीतरी जणांना त्यांनी स्वतः शोधून आणलं होतं.

दोनच मिनिटं. मार्च १९२३ मध्ये बंगालचे गव्हर्नर आणि विद्यापीठाचे कुलपती लॉर्ड लिटन यांनी त्यांना पत्र लिहिलं, विरोध सोडून सहकार्य करणार असाल तर पुन्हा नेमतो. आशुतोषांनी तो देकार अपमानास्पद म्हणून परत केला आणि कुलगुरुपद सोडलं. पुढच्याच वर्षी एका दाव्यासाठी पाटण्याला गेले असताना २५ मे १९२४ रोजी ते गेले. वयाची साठ वर्षंही पुरी झाली नव्हती. मागे राहिलेली त्यांची ८० हजारांहून अधिक पुस्तकं घरच्यांनी पुढे राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली.

२८ फेब्रुवारीला आपण शाळाशाळांतून विज्ञान दिन साजरा करतो. १९२८ सालच्या त्या दिवशी बहूबाजारच्या त्याच इमारतीत रामन परिणाम सापडला. आशुतोषांना जाऊन तेव्हा पावणेचार वर्षं झाली होती. रामन अजून पालित प्राध्यापकच होते.